प्लॉट एकेचाळीसची कोठी

१

शिवरंजनीचं धुणं दुपारी असायचं. अख्ख्या गावाचं सकाळी आणि हिचं दुपारी, म्हणून शेजारणी नाकं मुरडायच्या, पण तिचाही इलाज नव्हता. पुण्यातल्या कंपनीची नोकरी ती घरात बसून करायची, सकाळी सात ते दोन. दोन वाजता कंपनीचं काम मिटवायचं, धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जायचं आणि पावणेतीनला खाली येऊन गावाच्या कामाला बसायचं. नवरा शंभुलिंग सोलापूरला नोकरीला, शनिवार-रविवारी येणारा. एरवी घरात तिघीच: शिवरंजनी, तिची आठ वर्षांची मुलगी सृष्टी आणि तिची आई शांताक्का. आईला ती अव्वा म्हणायची.

घर म्हणजे प्लॉट नंबर एकेचाळीस. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं आणि दोन किलोमीटरवर माळावर हे नवं गाव आखून दिलं गेलं. सरळ रस्ते, सारखी घरं, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. पुढची खोली, निजायची खोली आणि नऊ बाय आठचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भांड्यांची मांडणी होती आणि भिंतीपलीकडे उघडी बखळ. तिथे लोकांच्या शेळ्या बांधलेल्या असत. हे एवढं सांगायचं कारण, ती भिंत पुढे लागणार आहे.

या घरात एक दंडक होता. आपल्याकडे जुनी माणसं बजावतात की आडवेळेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं. शांताक्काकडे मात्र उलटा न्याय होता. पहिल्या हाकेला ओ आलीच पाहिजे. लहानपणी एकदा खेळाच्या नादात शिवरंजनीनं ओ दिली नाही, तर एरवी गाईसारख्या गरीब आईनं तिच्या पाठीत रट्टा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. का, ते सांगितलं नाही. भूकंपात थोरली मुलगी महानंदा गेली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शिवरंजनी आईच्या पोटात. महानंदाचं नाव या घरात कुणी काढत नसे.

२

गावाचं काम महालिंगप्पा गुरुजींनी काढलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सतरा वर्षं झाली होती, पण हातातली छडी सुटली तरी डोक्यातली सुटत नाही. जुनं गाव म्हाताऱ्यांबरोबर मातीत जाऊ नये म्हणून ते घरोघर फिरून जुने फोटो आणि आठवणी गोळा करत. कुठल्या गल्लीत कुणाचं घर, घरात कुठल्या खोल्या, खोलीत काय काय. तीस सप्टेंबरला, स्मृतिदिनाला, ते सगळं गावाला पडद्यावर दाखवायचं होतं. शिवरंजनीनं त्यासाठी कॉम्प्युटरवर अख्खं जुनं गाव उभं केलं. गावाचा एक फोल्डर, त्यात गल्ल्यांचे, त्यांच्यात घरांचे, घरांत खोल्यांचे.

तिचा त्यात एक स्वार्थ होता. अव्वा गेली तीस वर्षं झोपेतून दचकून उठायची. आपलं जुनं घर तिनं एकदा खोलीखोलीनं सांगून टाकावं, मन मोकळं करावं, म्हणजे उतारवयात तरी सुखानं झोपेल, अशी लेकीची आशा होती. अव्वानं सोपा सांगितला, माजघर सांगितलं, न्हाणी सांगितली आणि मग गप्प झाली.

एका दुपारी गुरुजी चष्मा कपाळावर चढवून तिच्या स्क्रीनकडे बघत होते. तिथे ओळ होती: जुनं गाव / वरची गल्ली / शांताक्काचं घर / माजघर.

"ही तिरकी रेघ भागाकाराची न्हाय का?" ते म्हणाले. "गावाला गल्लीनं कशाला भागायलीस?"

"दोन्हीकडं आकडे असले की भागाकारच, गुरुजी. पण डावीकडं जागा असली की त्याच रेघेचा अर्थ 'हिच्या आत' असा होतो. रेघेनं काय काम करायचं ते तिच्या शेजारची वस्तू ठरवती. ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतेत ह्याला."

"म्हंजे बैल तोच. नांगराला जुपला की नांगरतो, गाडीला जुपला की वढतो."

"अगदी तसंच."

"आन् असं लिहिलं की ती खोली तयार होती?"

"मुळात न्हाय होत. मुळात नुसता पत्ता लिहिला जातो, तिथं खोली असंल नाहीतर नसंल. पण तुमची म्हातारी माणसं रोज नवी खोली आठवतेत. दरवेळी पत्ता लिहा, मग खोली बांधा, लई कटकट. म्हणून म्या माझ्यापुरतं त्या रेघेवर आणखी एक काम लादलं. आता नाव लिहिलं की खोली नसली तरी तयार होती."

गुरुजींनी हनुवटी खाजवली. "आन् एखादी खोली हाय का न्हाय, एवढंच इचारायचं असलं तर? इचारायलाबी नाव घ्यावंच लागतंय की."

शिवरंजनी हसली, पण आतून चपापली. मुद्दा बिनतोड होता. कंपनीत असा कोड दाखवला असता तर वरिष्ठांनी कान उपटले असते. "करते दुरुस्त रविवारी," ती म्हणाली.

तो रविवार आला आणि गेला. गुरुजींशी हे बोलणं झालं त्या दुपारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली अव्वा झोपली आहे, असं दोघांनीही धरलं होतं.

३

कोड नीट चालतो का ते बघायला शिवरंजनीनं सुरुवातीला आपलंच घर वापरलं होतं. नवं गाव, त्यात प्लॉट ४१, त्यात तीन खोल्या. ते तसंच राहून गेलं होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं सगळ्या खोल्यांची यादी काढली, तेव्हा यादीच्या तळाशी हे दिसलं:

प्लॉट ४१ / पुढची खोली
प्लॉट ४१ / निजायची खोली
प्लॉट ४१ / स्वयंपाकघर
प्लॉट ४१ / स्वयंपाकघर / कोठीची खोली

तिला आधी हसूच आलं. डावीकडे चुकीचं घर राहून गेलं असणार, घाईत होतं असं. तिनं ती खोली काढून टाकली. काढायची आज्ञा सावध होती. खोली रिकामी असेल तरच काढायची, आत काही असेल तर नकार द्यायचा. खोली मुकाट्यानं निघाली.

चहा पिता पिता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळला. चुकीच्या घरात पडली म्हणावी, तर बरोबर घर कुठलं? तिनं अख्खं जुनं गाव शोधलं. कोठीची खोली कुणाच्याच घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तयार झाल्याची वेळ होती दोन वाजून एकतीस मिनिटं. त्या वेळी शिवरंजनी गच्चीवर चादरी पिळत होती.

तिनं गुरुजींना फोन लावला.

"कोठीची खोली? तुमच्याच जुन्या घराला होती," गुरुजी म्हणाले. "जोंधळ्याची पोती ठेवायचे तिथं. पण तुझ्या अव्वानं सांगितली न्हाय, म्हणून म्याबी लिहिली न्हाय. का गं?"

"काही न्हाय, सहज," ती म्हणाली.

४

भीती एकदम येत नाही. शिवरंजनीला तर ती आली कुकरच्या शिट्टीतून. तीच रोजची शिट्टी, पण त्या सकाळी वाजली आणि तिच्या मागून थोड्या वेळानं आणखी एक बारीक शिट्टी वाजली, लांबून, जशी मोठ्या रिकाम्या गोदामात वाजावी. नऊ बाय आठच्या खोलीत आवाज घुमायला जागा कुठली? तिनं गॅस बंद केला. शेजारणीचा कुकर असेल, असं स्वतःला सांगितलं आणि ते पटलंही.

मग ओट्यावर पांढरी माती दिसायला लागली. चिमूटभर, रोज. जुन्या घरांच्या मातीच्या छतावर, माळवदावर, घालायचे तशी. इथे वर सिमेंट होतं. रंगाचे पोपडे असतील म्हणून तिनं बोटावर घेऊन बघितली, तर ती ओलसर होती. वासही होता: साठवलेला जोंधळा आणि त्यात घातलेला वाळका कडुलिंबाचा पाला.

तिनं टेप आणून भिंत मोजली. नऊ फूट. बखळीत जाऊन बाहेरून मोजली. बाहेरूनही हिशेब बरोबर. शेळ्या तिच्याकडे बघत रवंथ करत होत्या. आपण इंजिनिअर आहोत, टेप घेऊन शेळ्यांमध्ये उभ्या आहोत, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी भांडी लावताना तिच्या हातून डब्याचं झाकण निसटलं आणि मांडणीमागे गेलं. घरंगळल्याचा आवाज आला. तो थांबेना. झाकण घरंगळत राहिलं, पुढे, आणखी पुढे, मग एक लांबलचक वळण घेऊन थरथरत आडवं पडलं. ती जागीच खिळून ऐकत होती. मग गुडघ्यांवर बसून तिनं मांडणीखाली बघितलं. झाकण भिंतीला टेकून उभं होतं, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

अव्वाला हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण त्या खोलीत मोठ्यानं कुणाचं नाव घ्यायचं तिला धाडस झालं नाही.

५

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन गच्चीवर गेली आणि कपडे वाळत न घालताच दबक्या पावलांनी खाली आली. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

लॅपटॉपपुढे सृष्टी बसली होती. शेजारी खुर्ची ओढून अव्वा. अव्वा हळूहळू सांगत होती आणि पोर एकेक अक्षर शोधून दाबत होती.

"सैपाकघर लिहिलं? आता ती तिरकी रेघ दे. आता लिही, कोठीची खोली."

शिवरंजनीला आधी हायसं वाटलं. केवढं साधं कारण. तिनं सृष्टीला बाहेर खेळायला पाठवलं आणि आईपुढे बसली.

"अव्वा, काय चाललंय हे?"

तीस वर्षांत बोलली नव्हती ते अव्वा बोलली.

"गणपती बुडवून पाहुणे राहिले हुते. घरात जागा न्हाय, म्हणून तुझ्या अक्काला कोठीच्या खोलीत पोत्यांपाशी निजवली. तू पोटात, मला उकडायलं, म्या अंगणात पडले हुते. पहाटं तिनं हाक मारली. अव्वा म्हणून. एकदाच. म्या जागी हुते, रंजू. पर आडवेळची पयली हाक. म्हटलं, दुसरी येऊ दे, मग उठू." तिनं बोटानं जमीन दाखवली. "दुसरी आली न्हाय. हे आलं."

शिवरंजनीनं आईचा हात धरला. पाठीतला तो रट्टा तिला आत्ता कळला.

"त्या दिशी गुरुजींना तू म्हणलीस, नाव लिहिलं की खोली व्हती," अव्वा म्हणाली. "म्हटलं, आपल्या घरात तिला एक खोली असावी. खोलीच न्हाय तर पोरगी हाक कुठनं मारंल? एकदा हाक येऊ दे. एवढ्या बारीला म्या ओ देनार हाय."

"अव्वा, ती कॉम्प्युटरमधली खोली असती. खरी न्हाय."

"आवाज तर तूबी ऐकायलीस," अव्वा शांतपणे म्हणाली.

शिवरंजनीनं खोली काढून टाकली, रिकामी होती, निघाली. लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. आणि ती रेघ, नाव घेतल्याबरोबर खोली बांधणारी ती रेघ, उद्या निवांत दुरुस्त करू म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी ती खाली आली तेव्हा सृष्टी घरात नव्हती.

अव्वा खाटेवर डोळे मिटून पडलेली. निजायची खोली रिकामी. न्हाणी रिकामी. स्वयंपाकघराच्या दारात ती क्षणभर थबकली, मग आत डोकावली. ओट्यावर पांढरी माती, आज ओंजळभर. तिनं रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे बघितलं. दुपारच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. सृष्टीची चप्पल मात्र दारातच होती.

तिची नजर लॅपटॉपवर गेली. पासवर्ड बदलला होता हे तिला ठाऊक होतं, पण पोर दिसेनाशी झाली की ठाऊक असलेल्या गोष्टी कामाला येत नाहीत. तिनं यादी काढली. स्वयंपाकघराच्या आत, कोठीची खोली होती. वेळ दोन एकतीस. आज कुणी लिहिली? आता विचार करायला ती थांबली नाही. तिनं प्रश्न टाकला:

प्लॉट ४१ / स्वयंपाकघर / कोठीची खोली / सृष्टी, आहे का?

उत्तर आलं: आहे.

मग गुरुजींचं वाक्य तिच्या कानात वाजलं. विचारायलाही नाव घ्यावंच लागतं. तिनं विचारलं, त्यात रेघ होती, आणि रेघेनं आपलं काम केलं होतं. तिच्याच पोरीच्या नावाची जागा तिनंच तिथे आत्ता बांधली होती.

घाईघाईनं तिनं ती काढायला सांगितली. रिकामी होती, निघाली. तिला रडूच आलं, सुटल्याचं. आता बाहेरची कोठीची खोलीही काढायची आणि हा खेळ संपवायचा. आज्ञा दिली.

जागा रिकामी नाही.

आत काय आहे, तिनं विचारलं. यादी कोरी आली. लपवलेल्या फाइली असतात, त्या दाखवायला सांगितल्या. कोरी. पुन्हा काढायला सांगितलं.

जागा रिकामी नाही.

आणि स्वयंपाकघरातून हाक आली. "मम्मी."

सृष्टीचा आवाज. जवळून नाही, लांबून, पोत्यांनी भरलेल्या खोलीतून यावा तसा दबलेला. एकदाच.

खाटेवर अव्वा उठून बसली होती. "ओ दे, रंजू," ती म्हणाली. "दुसरीची वाट बघू नगंस. म्या बघितली हुती."

शिवरंजनीनं तोंड उघडलं. ओ ओठांवर आलीच होती, तेवढ्यात तिला खिडकीच्या गजांतून रस्ता दिसला. रस्त्यानं सृष्टी येत होती. अनवाणी, चटके बसतात म्हणून उड्या मारत, हातात गारेगार. तिच्या मागे छत्री धरून महालिंगप्पा गुरुजी. दोघंही उन्हात लख्ख दिसत होते.

मग आत कोण होतं?

तिनं तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबले. ओ गिळली. अव्वाकडे वळून ती खिडकी दाखवणार, तर अव्वा खाटेवर नव्हती. खिडकीकडे तिची पाठ होती, तिनं रस्ता बघितलाच नव्हता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पोचली होती आणि तीस वर्षं उराशी धरलेलं उत्तर तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"आले गं, माय. आले."

शिवरंजनी उठून धावली. पुढची खोली ओलांडायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात तिला आईची पावलं ऐकू येत होती. अव्वाचा एक पाय दुखरा, एक पाऊल जड, एक हलकं. नऊ फुटांच्या खोलीत जेमतेम पाच पावलं मावतात. सहावं वाजलं, सातवं, आठवं. शिवरंजनी दारात पोचली तेव्हा भांड्यांच्या मांडणीपलीकडे, भिंत असते तिथे, काळोख होता, आणि त्या काळोखात पांढऱ्या लुगड्याचा काठ पोत्यांच्या आडोशाला वळताना तिनं बघितला. डोळ्यांची पापणी लवली. भिंत होती. भिंतीवर मांडणी, मांडणीवर भांडी, आणि एक झाकण नुकतंच थरथरायचं थांबत होतं.

७

पोलिसांनी आठवडाभर शोधलं. विहिरी बघितल्या, मुरुम गावचा बाजार पालथा घातला, माकणीच्या धरणापर्यंत माणसं जाऊन आली. म्हातारं माणूस, डोक्यात भूकंप बसलेला, भरकटलं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. शंभुलिंगनं रजा काढून भिंतही फोडून बघितली. पलीकडून शेळ्यांनी डोकावून बघितलं. भिंत पुन्हा बांधून घेतली. स्मृतिदिनाला गुरुजींनी जुनं गाव पडद्यावर दाखवलं नाही.

रेघ शिवरंजनीनं दुरुस्त केली. आता नाव लिहिलं तरी काही तयार होत नाही. विचारलं तर नुसतं उत्तर येतं. कोठीची खोली तेवढी आहे तिथे आहे. ती काढू जावं तर एकच उत्तर येतं, आणि आत काय ते विचारावं तर यादी कोरी. आतल्या सगळ्यासकट खोली पुसून टाकणारीही एक आज्ञा असते. शिवरंजनी ती रोज लिहिते आणि एंटर न दाबताच खोडून टाकते. आत असलेलं आपलं माणूस आहे.

सृष्टीला आता ती दुपारी गुरुजींकडे बसवते. धुणं सकाळी लावते, शेजारणी खूश आहेत. अडीच वाजायच्या सुमाराला घरात ती एकटी असते, स्वयंपाकघराकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून.

"रंजू," अव्वा हाक मारते.

एकदाच मारते. शिवरंजनी दुसरीची वाट बघत बसते.